नांदगावहून वेरूळला : भाड्याची गाडी आणि राहिलेला नवस

मैत्रिणींनो, माहेरी जाताना आपण दरवेळी दोन गोष्टी ठरवून जातो. एक म्हणजे पोटभर झोपायचं आणि दुसरं म्हणजे मनसोक्त वाचायचं. यंदा दसरा झाल्यावर मी चार दिवस नांदगावला गेले, तीही पिशवीत एक जाडजूड कादंबरी टाकूनच. झोप काही झाली नाही आणि कादंबरीनं तर साफ निराशा केली. पण या चार दिवसांत एक असं काम हातून झालं, की ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

नांदगाव हे नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबईहून भुसावळकडे जाताना मनमाड मागं पडलं की पंचवीसेक किलोमीटरवर ते येतं. मनमाड सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते मनमाडही आमच्याच तालुक्यात, असं सांगितलं की लोकांना नवल वाटतं. गावाला लेंडी आणि शाकंबरी अशा दोन नद्या आहेत. एरवी त्यांत पाणी शोधावं लागतं, आणि २०२१ च्या सप्टेंबरात त्याच नद्या पूर येऊन गावात शिरल्या होत्या. अशी आमच्याकडची पाण्याची तऱ्हा! उन्हाळ्यात हंडे, कळश्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकलो.

या गावाची एक जुनी ओळख मात्र आता फारशी कुणाला आठवत नाही. एकेकाळी वेरूळची लेणी बघायला जाणारे लोक रेल्वेनं नांदगावला उतरत. मनमाडहून औरंगाबादला जाणारा फाटा १९०० च्या सुमाराला सुरू झाला. त्याआधी मुंबईकडून येणाऱ्यांना सोयीचं स्टेशन आमचंच. इथं उतरायचं, तांगा ठरवायचा आणि घाट ओलांडून निजामाच्या मुलुखात शिरायचं. म्हणजे भाड्याची गाडी करून वेरूळ गाठणं ही आमच्या गावची फार जुनी रीत! ती रीत आपल्यालाही पाळायची आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आधी त्या कादंबरीचं सांगते. भाचीनं मोठ्या कौतुकानं हातात ठेवली. ‘मावशी, वाचच, खाली ठेववणार नाही,’ म्हणाली. इंग्रजीवरून मराठीत केलेली, चांगली सहाशे पानांची. वर पंख पसरलेला अजगर, मागं किल्ला, आणि तलवार घेतलेली एक मुलगी. मला अद्भुत गोष्टींचं वावडं नाही हं! लहानपणी राक्षसाचा जीव पोपटात असतो हे मी डोळे मिटून मानलेलं आहे. पण या बाईसाहेबांच्या बोटात एक अंगठी. संकट आलं की अंगठी चोळायची, आणि संकट पसार. पन्नासाव्या पानावर गंमत वाटली, शंभराव्यावर जांभई आली, आणि दोनशेव्या पानावर मी चक्क पानं मोजायला लागले.

रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, ‘एवढं काय वाचतेस? मलाही वाच की.’ तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचायला लागले. दहा हजारांचं सैन्य वाळवंट ओलांडून एका ओळीत पलीकडे गेलं. आई ऐकत होती. मग हळूच म्हणाली, ‘आणि पाण्याचं काय केलं गं त्यांनी?’

मी मागची पानं उलटली, पुढची चाळली. पाण्याचं नाव नाही! तशी सगळी कादंबरीच माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. सहाशे पानांत एकदाही चूल पेटत नाही. कुणी भाकरी थापत नाही, कुणाच्या पायाला फोड येत नाही, कुणी कुणाची वाट बघत जागत नाही. तिथं कशालाच काही मोल पडत नाही, आणि म्हणूनच कशाचं काही वाटत नाही. आईनं एका प्रश्नात जे दाखवलं, ते मला दोनशे पानं वाचून सांगता आलं नव्हतं.

‘आमच्या वेळी वीरधवल होतं,’ आई म्हणाली. ‘मामाकडे कंदिलापाशी बसून वाचायचो. मामी पदरानं डोळे पुसायची.’ तुमच्यापैकी काहीजणींच्या घरीही ती कादंबरी असेल. नाथमाधवांची ती कादंबरी १९१३ सालची. ते शिकारीला गेले असताना सिंहगडावरून पडले आणि पायांनी अधू झाले. लिहायला लागले ते त्यानंतर. ज्या माणसाला चार पावलं चालणं अवघड, त्यानं घरोघरच्या बायकांना गुप्त वाटा नि भुयारं हिंडवून आणली! चालण्याची किंमत त्याला ठाऊक होती, असं मला वाटतं.

पुस्तक मिटून ठेवलं आणि सहज विचारलं, ‘आई, तुला कुठं जायचं राहिलंय का गं?’

मला वाटलं, काशी म्हणेल, रामेश्वर म्हणेल. ती म्हणाली, ‘घृष्णेश्वर.’

मी बघतच राहिले. घृष्णेश्वर म्हणजे वेरूळ. आमच्या दारापासून सुमारे ७५ किलोमीटर! १९७९ साली धाकट्या भावाला विषमज्वर झाला होता. तेव्हा आईनं नवस बोलला होता, की पोर उठू दे, मी येऊन बेल वाहीन. पोर उठलं, शिकलं, पुण्याला नोकरीला लागलं, त्याची मुलं आता कॉलेजात आहेत. नवस राहिला तो राहिलाच. वडील म्हणायचे, पुढच्या श्रावणात जाऊ. मग कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कधी दुष्काळ. वडील जाऊनही आता आठ वर्षं झाली. एस.टी. होती, रस्ता होता, पैसेही अगदीच नव्हते असं नाही. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगू? मी स्वतः दोनदा वेरूळ बघून आले आहे, सासरच्या माणसांबरोबर, हसत खिदळत, फोटो काढत. एकदाही मनात आलं नाही, की आईला घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या मागं लागले. आमच्याकडे हे काम नेहमी ह्यांचं. मी फक्त डबा भरून मागच्या सीटवर बसणारी. पण हे होते ठाण्याला, तेव्हा म्हटलं, आपणच बघू. जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आधी नाशिकच्या एका गाडीवाल्याला फोन केला. किलोमीटरला १४ रुपये म्हणाला. मी मनात हिशेब केला, जाऊन येऊन दीडशे किलोमीटर, म्हणजे २१०० रुपये. स्वस्तच की! पण वाण्याच्या बिलाची सवय असलेली बाई मी. विचारलं, ‘किलोमीटर मोजायचे कुठून?’ तर म्हणे, आमच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. नाशिक ते नांदगाव सुमारे १०५ किलोमीटर, रिकामी गाडी यायची आणि रिकामी जायची. म्हणजे दीडशेचे झाले ३६०, आणि २१०० चे ५०४०! वर चालकाचा भत्ता आणि टोल वेगळा. मी ‘कळवते’ म्हणून फोन ठेवला.

मग गावातच चौकशी केली. पहिली गाडी दाराशी आली ती पांढऱ्या पाटीची. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्यानं चालवायला परवानगी नसते, आणि देव न करो, पण काही घडलं तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येऊ शकते. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि वरची अक्षरं काळी असतात. एवढं मुलाकडून ऐकलेलं होतं, ते कामाला आलं. दुसरी गाडी पिवळ्या पाटीची, ठोक साडेतीन हजारांत ठरली. निघण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घेतल्या : टोल आणि पार्किंग कुणाचं, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, चालकाचं जेवण कुणाकडे, आणि रात्री किती वाजेपर्यंत परत. सगळं कागदावर लिहिलं आणि गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. चालक हसून म्हणाला, ‘ताई, तुम्ही बँकेत आहात का?’ मी म्हटलं, ‘नाही दादा, घरात आहे.’

वार बघून निघा हं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला देवळात फार गर्दी असते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर ते दिवस टाळलेलेच बरे. आम्ही गुरुवारी सकाळी सहाला निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा मोठा थर्मास आणि आईच्या पाठीला लावायला उशी, एवढं घेतलं होतं.

कासारीचा घाट चढलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. पुढं शिऊर बंगला, मग देवगाव रंगारी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आई खिडकीशी बसून प्रत्येक गावाची पाटी चालकाला विचारत होती. ‘आजी, अजून अर्धा तास,’ तो म्हणाला, तेव्हा तिनं पदर सारखा केला, जणू दाराशीच पोचलो.

घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आजच्या लाल दगडाच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. आई माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरली. बेल वाहिला, हात जोडले, आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. काही मागितलं का, असं बाहेर आल्यावर विचारलं. ‘मागायचं काय आता? देणं होतं, ते दिलं,’ म्हणाली.

लेण्यांत मी तिला फक्त कैलास दाखवला. चौतीस लेणी बघायचा हट्ट गुडघेदुखीच्या माणसाबरोबर धरू नये. कैलास हे सोळावं लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेलं. सुमारे ३० मीटर उंचीचं देऊळ, आणि ते बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली खोदत नेऊन एका खडकातून काढलेलं. चौकात सावलीला बसवून मी आईला माणिकावतीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात आहे. एल राजा आजारी पडला, तेव्हा राणी माणिकावतीनं घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण कारागीर म्हणाले, कळसापर्यंत पोचायला कितीतरी महिने लागतील. तोवर राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढं आला. तो म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्यानं पायापासून सुरुवात केलीच नाही. डोंगराच्या माथ्यावर छिन्नी लावली आणि आधी कळसच कोरला.

बघा, हीही अद्भुतच गोष्ट. पण यात अंगठी नाही. राणीची भूक खरी, कोकसाची छिन्नी खरी. आई मान वर करून शिखराकडे बघत म्हणाली, ‘हुशार हो! बाईला उपाशी ठेवलं नाही त्यानं.’

बाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. मी घरी न्यायला डझनभर घेतली आणि आईला म्हटलं, ‘तुला आवडत नाहीत, तुझ्यासाठी पेरू बघू का?’ लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो, की आईला सीताफळ चालत नाही. परड्यातल्या झाडाची फळं ती आम्हांला वाटायची, स्वतः कधी घ्यायची नाही.

‘आवडत नाहीत असं कोण म्हणालं?’ आई म्हणाली. ‘सोडली होती. नवस फिटेपर्यंत.’

मला काही बोलता येईना. इतक्या वर्षांत घरातल्या एकालाही, अगदी ज्याच्यासाठी नवस होता त्यालाही, याचा पत्ता नव्हता. आईनं पाटीतलं एक पिकलेलं फळ उचललं, गाडीच्या दारात बसून फोडलं आणि बिया हातात जमवत शांतपणे संपवलं. मग म्हणाली, ‘गोड आहे. दादांनाही द्या.’

साडेसातला घरी पोचलो. ठरलेले साडेतीन हजार चुकते केले, वर चालकाला चार सीताफळं दिली. कादंबरी पिशवीतून परत आणली आहे. भाचीला सांगेन, की अंगठी बाजूला ठेवून कुणी लिहिली तर पुन्हा वाचीन.

आणि मैत्रिणींनो, तुम्ही दिवाळीला माहेरी जाल तेव्हा फराळाचे डबे उघडण्याआधी एक करा. आईपाशी, सासूबाईंपाशी बसा आणि विचारा, कुठं जायचं राहिलंय का? आणि एखादा पदार्थ ‘त्यांना आवडत नाही’ असं घरात सगळे धरून चालले असतील, तर तेही एकदा विचारून बघा.