आंधळगावच्या चिखलातील चरबी

भंडारा-तुमसर रस्त्यावर मोहाडी लागते. तिथून आत गेले की आंधळगाव. कोशाच्या कापडासाठी हे गाव ओळखले जाते. पाहुणे येतात ते हातमागावरची साडी पाहायला. आम्ही उन्हाळ्यात गेलो ते चिखल पाहायला! मित्रांनी थट्टा केली, ती आम्ही चालवून घेतली.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. तलावांना नाव मालगुजारांचे, पण माती वाहिली ती मजुरांच्या डोक्यांनी. धानाच्या बांध्यांमधून गेल्यावर एका आटत आलेल्या बोडीत एक धीवर बाई मासे धुंडाळत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "भाऊ, पाय देला का खालून बुडबुडे निघतेत."

वाचकहो, हे बुडबुडे मिथेन वायूचे. गोबरगॅसच्या टाकीत तयार होतो तोच हा वायू. तो बनवणारे सूक्ष्म जीव हवा न पोचणाऱ्या चिखलात राहतात. त्यांना आर्किया म्हणतात. पूर्वी त्यांना जिवाणूंतच मोजत. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की हे कुळच वेगळे आहे.

या जीवांच्या अंगाभोवती चरबीचे पातळ आवरण असते. जीव मेला की बाकीचे बहुतेक लवकर कुजते. चरबीचा सांगाडा मात्र गाळात टिकतो. त्यात आर्कियाच्या चरबीची जोडणी आपल्या तेला-तुपापेक्षा चिवट. शिवाय खोबरेल तेल थंडीत थिजते हे घरोघरी माहीत आहे. आवरण थिजले वा फार पातळ झाले तर जीव जगणार कसा? म्हणून ऊन-थंडीप्रमाणे अनेक सूक्ष्म जीव आपल्या चरबीची घडण बदलतात. ती घडण तपासून समुद्राच्या आणि सरोवरांच्या तळातील गाळावरून हजारो वर्षांपूर्वीच्या उष्णतेचा अंदाज बांधला जातो.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढण्यात आला. त्यात जवळपास ११,००० वर्षांचे थर होते. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी त्यातील खनिजे, पानांवरचे मेण आणि सूक्ष्म जीवांची चरबी तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊसमान दीर्घकाळ घटले होते. एवढा लांब दुष्काळ! आपल्याला एक साल कोरडे गेले तरी गाव सोडून मजुरीला जावे लागते.

दर उन्हाळ्यात आटणाऱ्या बोडीत मात्र अशी नोंद पुसट होते. हवा लागते, गुरे चिखल तुडवतात. मोठ्या तलावाच्या खोल भागात ती अधिक टिकते. आणि गाळ उपसला जातो तो याच तलावांतला. २०१७ पासून सरकारची गाळ काढून शेतात टाकण्याची योजना आहे. गाळ निघालाच पाहिजे, कारण पाणी साठले तर रोवणी होते आणि रोवणी झाली तर बायांच्या हाताला काम मिळते. आमचे म्हणणे इतकेच, की जेसीबी लावण्यापूर्वी तळात एक लांब नळी उभी ठोकून नमुना काढावा, थर न हलवता दोन्ही टोके बंद करावीत आणि थंड जागी ठेवून तो विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाकडे पोचवावा. नळी ठोकायला चार माणसे पुरतात, आणि कोणत्या तलावात गाळ किती खोल आहे हे धीवरांना विचारले तर ते उभ्या उभ्या सांगतात.