रंग नको, शेपटी सांगा

आमच्या आगरात येणाऱ्या पाखरांत काळीच जास्त. माड, पोफळी, दोन फणस, विहिरीकडचा पांगारा आणि गडग्यालगत पिवळ्या कण्हेरीची रांग, एवढाच पसारा. पण दापोलीच्या या बाजूला सकाळी तासभर पडवीत बसले की पाच-सहा तऱ्हांची काळी पाखरे सहज मोजून होतात. गावात मात्र त्यांना दोनच नावे : कावळा, आणि ‘ते दुसरे काळे’.

अम्मीच्या डोळ्यांमुळे आम्हा घरातल्यांना यापुढे जावे लागले. तिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढून टाकता येतो, याचे तसे नाही. डोळ्यातला दाब नसेला इजा करतो आणि गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली सांभाळायची. अम्मीची कडेची नजर गेली आहे. समोर नळीतून पाहावे तेवढे वर्तुळ राहिले आहे. त्यात पोपट पानांत विरून जातो, हळद्यासुद्धा सापडत नाही. पण उजळ आभाळावर काळे पाखरू बसले, की ते तिला दिसते. म्हणून आमच्या घरात काळ्या पाखरांना भाव आला.

पडवीतल्या खुर्चीतून ती विचारते, “माडावर काय बसलंय?” आमच्यातला कोणी “काळं आहे” म्हणाला, तर ती चिडते. “काळं मलाही दिसतं. रंग नको, शेपटी सांगा.”

आणि खरोखर शेपटीपाशीच अर्धे काम होते. शेवटाला दुभंगून दोन्ही टोके बाहेर वळलेली, माशाच्या शेपटीसारखी लांब शेपटी म्हणजे कोतवाल. अंगाने बुलबुलाएवढा, पण शेपटीमुळे लांब दिसणारा. सलीम अली यांनी १९४१ साली निघालेल्या आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात पाखरांचा आकार असाच चिमणी, बुलबुल, मैना, कावळा यांच्याशी तोलून सांगितला आहे. जन्म मुंबईचा, पण सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास झाला तो आपल्याच कोकणात, किहीमला. आकार सांगायची त्यांची ती पद्धत पडवीतून ओरडून सांगायलाही फार सोयीची आहे.

कोतवाल नेहमी उघड्यावर बसतो. विजेची तार, माडाचे सुकलेले झाप, नाहीतर चरणाऱ्या म्हशीची पाठ. तिथून झेप घेऊन किडा टिपायचा आणि बहुतेक वेळा परत त्याच जागी यायचे. या सवयीचा अम्मीला मोठा उपयोग. एकदा नजरेचे वर्तुळ तारेवर धरले, की पाखरू आपोआप परत वर्तुळात येते. पांगारा फुलला की तो फुलांतला रसही पितो. जवळून पाहिले तर चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यात, पांढरा ठिपका दिसतो. घरटे झाल्यावर तर त्याचे नाव सार्थ होते. कावळाच काय, घारीच्याही पाठीवर टोचे मारत तिला हद्दीबाहेर काढतो. त्यामुळे होले, बुलबुल, हळदे त्याच झाडावर त्याच्या भरवशावर बिऱ्हाड करतात. फुकटचा बंदोबस्त! फजरच्या सुमारास, अजून अंधार असतानाच त्याची बडबड सुरू होते. अम्मी वुजू करतानाच सांगते, “कोतवाल उठला.”

खरा घोटाळा कोकिळ करतो. नर चकचकीत काळा, कावळ्याच्या लांबीचा पण सडपातळ. शेपटी लांब, शेवटाला गोलसर, कुठेही न दुभंगलेली. चोच फिकट हिरवट, डोळा लालभडक. तो कोतवालासारखा तारेवर येऊन बसत नाही. दाट पानांत दडतो. कण्हेरीची फळे आपल्याला विषारी, हा खुशाल गिळतो. मादी तर काळी नसतेच, तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आवाज कर्कश, ‘किक् किक्’ असा. गाणारा तो नर. आपल्या कवींनी वर्षानुवर्षे त्याचे श्रेय कोकिळेला दिले, त्याला कोण काय करणार!

जून लागला की आगरात मजेदार कारभार चालतो. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात घातलेल्या अंड्यातून निघालेले काळपट पिल्लू फांदीवर पंख थरथरवत चोच वासते आणि कावळी त्याला भरवते. आभाळावर दोन्ही काळेच. अम्मीने एकदा बराच वेळ पाहून विचारले, “ही आई याला ओळखत नाही, की ओळखून भरवते?” आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.

कावळेही दोन. घरकावळ्याची मान राखाडी असते. डोमकावळा सगळा काळा, चोच जाड, आवाज घोगरा. शेजारच्या काकूंकडे पितृपक्षात पान ठेवतात तेव्हा दोघांपैकी कोणीही चालतो. आमच्याकडे कावळा आला की आदमच्या दोन मुलांचा किस्सा निघतो. भावाला कसे पुरायचे ते माती उकरून दाखवणारा कावळाच होता. तो कुठला, हे अम्मीने मौलवीसाहेबांनाही विचारून झाले आहे.

बाकीच्यांना फार वेळ लागत नाही. भारद्वाज, आमचा कुक्कुडकोंबा, जमिनीवरून चालत येतो आणि त्याचे विटकरी पंख लगेच चुगली करतात. दयाळाच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. चिऱ्याच्या गडग्यावर शेपटी उभारून नाचणारा चिरक मागून तांबूस असतो. शिंजीर नर सावलीत काळा, उन्हात निळाजांभळा. अंगठ्याएवढ्या पाखराला कावळा म्हणणार कोण?

गेल्या दिवाळीनंतर वाद झाला तो राखी कोतवालावरून. हा हिवाळ्याचा पाहुणा. शेपटी तशीच दुभंगलेली, अंग गडद राखाडी, पण आभाळावर तेही काळेच दिसते. खूण म्हणजे लाल डोळा आणि तोंडाच्या कोपऱ्यात ठिपका नसणे. या दोन्ही गोष्टी अम्मीच्या नजरेच्या पलीकडच्या. आम्ही दुर्बीण लावून म्हटले, “राखी आहे.” ती म्हणाली, “असेल. पण शेपटीवरून मला सांगता येत नाही, म्हणजे मी मानायचं ते तुमच्या शब्दावर.”

नेत्रतज्ज्ञांनी जानेवारीतल्या तपासणीत वर्तुळ आणखी थोडे आवळल्याचे सांगितले. थेंब बदलून दिले. घरी येताना अम्मी गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची पडवीतून उचलून अंगणात, पांगाऱ्याच्या जवळ नेऊन ठेवायला सांगितली आणि आम्हाला म्हणाली, “आता मधे बोलू नका. कोण कुठे बसतो, कसा उडतो, काय बोलतो, ते मला पाठ करू द्या.” तेव्हापासून सकाळी ती मधूनमधून डोळे मिटून बसते. पाखरू बोलले की आधी नाव घेते, मग डोळे उघडून तार शोधते. राखी कोतवालाचा आवाज तिला अजून पक्का बसलेला नाही. तो मार्चअखेर उत्तरेकडे निघून जातो, म्हणून सध्या तिला घाई आहे.