आधी श्वापद की आधी दालन?

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा एवढ्या सामग्रीवर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांच्या मासिकांना ज्यांनी कधी काळी मोहिमा लिहून पाठविल्या असतील, त्यांना चौकटीतील मजकूर म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच म्हणतो की, खेळाडूंनी दार उघडले म्हणजे सूत्रधाराने, अर्थात डंजन मास्टरने, जे तीन-चार वाक्यांत मोठ्याने वाचून दाखवावयाचे, ते लेखकाने चौकटीत बंदिस्त करून दिलेले असते. नकाशे, राक्षसांची आकडेमोड, सापळ्यांचा तपशील ही सारी चिकाटीची कामे होत. कोणाही उद्योगी माणसाला ती साधतात. परीक्षा होते ती चौकटीत, आणि त्या परीक्षेतील एका प्रश्नाने मला उभ्या हयातीत स्वस्थता लाभू दिलेली नाही.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. एक विस्तीर्ण दालन आहे, त्यात कोरीव खांब आहेत, मध्यभागी कोरडी विहीर आहे, आणि विहिरीपलीकडे एक श्वापद उभे आहे. आधी काय सांगावे? श्वापद आधी सांगितले, तर त्यापुढील एक अक्षरही कोणाच्या कानी शिरत नाही. फासे खुळखुळू लागतात, तलवारी उपसल्या जातात, आणि जिच्यावर साऱ्या मोहिमेची भिस्त, ती विहीर बेदखल राहते. श्वापद शेवटी सांगितले, तर मंडळींत हटकून असणारा एखादा वकिली बाण्याचा गृहस्थ विचारतो की, एवढे धूड समोर उभे असताना आम्ही इतका वेळ खांबांवरची नक्षी न्याहाळीत होतो काय? डोळा सारे दृश्य एका क्षणात ग्रहण करतो, कानाला मात्र ते एकेक करून घ्यावे लागते, आणि या दोन इंद्रियांमधील तहनामा लिहून देण्याचे काम बिचाऱ्या लेखकावर येऊन पडते. अंधाराचा, धुराचा, पडद्याचा आश्रय घेऊन हा प्रसंग टाळता येतो; मीही तो मुबलक घेतला. एका काळी माझ्या प्रत्येक दालनात इतका धूर असे की, एका संपादकांनी समासात पृच्छा केली होती, ‘या राज्यात धुराडी बांधीत नाहीत काय?’

या जातीचा पहिला खेळ १९७४ साली छापील रूपाने बाजारात आला, तेव्हा ही अडचण कोणाला जाणवली नसावी. १९७८ सालच्या, टेकडीवरच्या राक्षसांच्या गढीवर चालून जाण्याच्या गॅरी गायगॅक्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेत चौकट नाहीच. त्यांनी सूत्रधारापुढे सारा तपशील ओतला, आणि त्यातून काय उच्चारावे, काय पोटात ठेवावे, हे त्याच्या अकलेवर सोपविले. पुढे स्पर्धांचे प्रस्थ वाढले. एकच मोहीम अनेक टेबलांवर चालवून गुण द्यावयाचे, तर प्रत्येक टेबलाने सारखेच ऐकले पाहिजे. सबब १९७९ च्या ओरिजिन्स मेळाव्यासाठी रचलेली आणि पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघालेली टॅमोआचानच्या गुप्त मंदिराची मोहीम चौकटींनी सजलेली आढळते. न्यायासाठी निघालेली ही सोय पाहता पाहता शिरस्ता बनली. १९८६ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथून ‘डंजन’ हे मासिक केवळ मोहिमांना वाहिलेले म्हणून निघू लागले, तोवर चौकटीवाचून मोहीम म्हणजे मथळ्यावाचून बातमी अशी समजूत दृढ झाली होती.

मी राहतो मिलवॉकीला, लेक जिनीव्हापासून फार दूर नव्हे. परतीचा लिफाफा स्वतःच तिकीट लावून जोडावयाचा, आधी दरखास्त, मग छापील कबूलनाम्यावर सही, मग दुप्पट अंतर सोडून टंकलिखित केलेला मसुदा, हा सारा जाबसाल माझ्या पिढीने निमूटपणे केला. ज्या मासिकांशी माझा व्यवहार होता, त्यांची नावे सांगण्यात आता स्वारस्य नाही. मेहनताना शब्दांवर ठरत असे, आणि चौकटी फुगण्याचे एक कारण तेही होते; पण माझ्या चौकटी पैशासाठी फुगल्या असे म्हटल्यास मी स्वतःवर उपकार केल्यासारखे होईल. सूत्रधाराच्या मुखातून माझे वाक्य घुमावे, आणि क्षणभर का होईना, साऱ्या टेबलाने माझे ऐकावे, हीच खरी हाव होती.

चित्रकारांचा मला मत्सर वाटे तो याच कारणाने. १९७८ सालच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या मोहिमेसोबत चित्रांची एक स्वतंत्र पुस्तिका होती. सूत्रधाराने ते ते पान उचलून धरावे आणि खेळाडूंनी पाहावे, एवढाच व्यवहार. श्वापद आधी की दालन आधी, हा तंटा चित्रापुढे उभाच राहत नाही. डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकाच्या मुखपृष्ठावर मूर्तीच्या डोळ्यातील रत्न उपसून काढणारे चोर रंगविले, ते चित्र पाहून एक पिढी या खेळात आली असे म्हटले, तर अतिशयोक्ती होणार नाही. १९८८ साली हेच ट्रॅम्पियर ‘ड्रॅगन’ मासिकातील आपली चित्रमालिका अर्ध्यावर टाकून नाहीसे झाले, आणि पुढे कित्येक वर्षांनी ते इलिनॉयमध्ये टॅक्सी चालवीत असल्याचे उघडकीस आले; तोपर्यंत त्यांचे चाहते त्यांची विचारपूस करीत राहिले होते. चौकट लिहिणारा नाहीसा झाला, तर त्याची चौकशी त्याचा टपालवाला तेवढा करील.

प्रत्येक चौकट मोठ्याने वाचल्याशिवाय मी कधी पाठविली नाही. गेल्या हिवाळ्यात घशावर शस्त्रक्रिया झाली, आवाज गेला, आणि उरला तो दोन वाक्यांत दमतो. तेव्हापासून आमच्या एका स्नेह्यांची कन्या, जी स्वतः मोहिमा लिहू लागली आहे, रविवारी येऊन माझा मजकूर वाचते. विहिरीच्या दालनाची चौकट तिने वाचली, आणि खांबांचे वाक्य संपताच ती थांबली. श्वापदाचे वाक्य तिने वाचलेच नाही. मी खुणेने विचारले. ती म्हणाली, “काका, ते मी लगेच सांगणारच नाही. विहिरीत कोणी वाकून पाहिलं, की मग पलीकडून गुरगुरू दे त्याला. तोपर्यंत ते खांबाआड आहे.”

म्हणजे श्वापद चौकटीतच नको! ते सूत्रधाराच्या हाती द्यावे, त्याने ते खेळाडूच्या कृतीला उत्तर म्हणून सोडावे, आणि लेखकाने केवळ विहीर इतकी लोभस करावी की कोणीतरी वाकलेच पाहिजे. हे उत्तर बरोबर आहे की नाही, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही. दालन उजेडात असेल आणि खांब बारीक असतील, तर ही युक्तीही लंगडी पडते. परंतु माझे सर्वांत घोटीव वाक्य तिने सहज बाजूला ठेवले, आणि तिच्या टेबलावर त्याची उणीव कोणालाही भासली नाही, हे तिने मला आनंदाने सांगितले, ते मात्र झोंबले.

नव्या मंडळींचे एक निराळेच फर्मान आहे. ते चौकटच रद्द करतात, आणि ठळक अक्षरांत दोन-दोन शब्द टाकतात: कोरडी विहीर, कोरीव खांब, उग्र दर्प. सूत्रधाराने वाक्य आपले आपण रचावे. पाहता पाहता तपशील हाती लागतो हे मान्य, पण तारेच्या भाषेत भय उत्पन्न होत नाही, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याचा माझा विचार नाही. ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ या दोहोंच्या छापील आवृत्त्या २००७ च्या सप्टेंबरात बंद पडल्या. आता ज्याचा तो स्वतःचा प्रकाशक आहे, आणि समासात धुराड्यांची चौकशी करणारा कोणी उरलेला नाही. लिहिणे सोपे झाले, नामंजूर होणे दुर्मिळ झाले, आणि माझ्या मते हानी या दुसऱ्या गोष्टीने अधिक झाली.

त्या मुलीची मोहीम लवकरच प्रसिद्ध होईल. तिच्या चौकटी दोन वाक्यांच्या आहेत आणि माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. आभाराच्या ओळीत तिने माझे नाव घातले आहे. ते आणखी वर, लेखकाच्या नावाशेजारी असते तर मला अधिक आवडले असते.