ताणातल्या पेशीला कोण ओळखतं?

संपादकांनी फोनवर विषय सुचवला, ‘रोगप्रतिकारशक्ती कशी वाढवावी’. मी नको म्हणाले. मग ‘तुम्हाला हवं ते लिहा’ अशी मोकळीक त्यांनी दिली, म्हणून हा लेख.

नको म्हणण्याला कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचा मुलगा भेटायला आला होता. वडिलांची तंबाखू कित्येक वर्षांची, गालाच्या आत गाठ. मुलाच्या पिशवीत पावडरींचे डबे होते आणि प्रत्येकावर ‘इम्युनिटी बूस्टर’ असं छापलेलं. ‘मॅडम, यातलं कोणतं चालू ठेवू?’ त्याने कळकळीने विचारलं. त्याला दोन वाक्यांत नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा गाठींचे तुकडे रुग्णाच्या संमतीने आमच्या प्रयोगशाळेत बर्फातून येतात. ते बारीक चिरायचे, विकर घालून पेशी सुट्या करायच्या, जाळीतून गाळायच्या आणि कोणत्या जातीच्या किती आहेत ते मोजायचं. त्यात कर्करोगाच्या पेशी असतात, तशा त्यांना मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशीही पुष्कळदा सापडतात. सैन्य गाठीत पोचलेलं असतं, पण ते काही करत नाही. ते का, या प्रश्नावर माझं काम चालतं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत काय बनतंय त्याचे नमुने ती बाहेर मांडतात. टी पेशी ते तपासतात. विषाणू किंवा कर्करोग या तपासणीतून सुटण्यासाठी ही प्रथिनंच काढून टाकतो. इथे ‘नॅचरल किलर’, म्हणजे एनके पेशी कामाला येतात. त्यांचं वर्णन १९७५ साली झालं. त्या नेमकं काय ओळखतात याचा उलगडा स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या क्लास कॅरे यांनी केला. त्यांच्या गटाने १९८६ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की एमएचसी गमावलेल्या कर्कपेशींना एनके पेशी उंदरात नाहीशा करतात. दारात रोजचा सडा-रांगोळी दिसली नाही, की शेजारीण ‘काय गं, बरं आहे ना?’ म्हणून डोकावते, तसंच हे. नेहमीची खूण नसणं हीच तिच्यासाठी बातमी असते.

पण नुसत्या गैरहजेरीवर भागत नाही. तांबड्या रक्तपेशींवर एमएचसी वर्ग-१ जवळजवळ नसतंच, तरी त्या सुखरूप फिरतात. म्हणजे मारायला आणखी काही कारण लागतं. ते कारण पेशी स्वतः देते. उष्णता, विषाणूचा संसर्ग, डीएनएची मोडतोड असा ताण आला, की ती पृष्ठभागावर मिक-ए, मिक-बी यांसारखी प्रथिनं आणते. निरोगी पेशींवर ती फारशी नसतात. मिक-एचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर, एमएचसीच्याच शेजारात आहे. त्याच्या आधीच्या भागात उष्णतेला प्रतिसाद देणारा कळीचा तुकडा आहे, म्हणून पेशी तापली की ते चालू होतं. मिक-ए प्रथिनाला ओळखणारा रिसेप्टर एनकेजी-२डी आहे, हे १९९९ साली कळलं. तो एनके पेशींवर असतो, तसाच काही टी पेशींवरही असतो.

आपल्याकडचं कामही सांगायला हवं, कारण त्याची दखल फार कमी घेतली जाते. टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत शुभदा चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ सालीच तोंडाच्या कर्कपेशींवर एक गोष्ट दाखवली. एरवी पेशीच्या आत राहणारं एचएसपी-६० हे ताणाचं प्रथिन या पेशींच्या पृष्ठभागावर येतं आणि गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी ते ओळखतात. तंबाखूच्या या देशात हा प्रश्न आपणच विचारायला हवा होता. तो इथे विचारला गेला, याचा मला अभिमान आहे.

एनके पेशी मारते की नाही हे पाहायची जुनी रीत मला अजून आवडते. कर्कपेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ पाजायचं, त्यांना एनके पेशींसोबत चार तास ठेवायचं आणि द्रावणात किती क्रोमियम सांडलं ते मोजायचं. पेशी फुटली तरच ते बाहेर येतं. निरोगी माणसाच्या एनके पेशी या चाचणीत झडझडून काम करतात. गाठीतून काढलेल्या पुष्कळदा करत नाहीत.

का करत नाहीत, यावर आमच्या क्षेत्रात वाद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सिएटलच्या थॉमस स्पीस यांच्या गटाने २००२ साली दाखवलं, की गाठी आपल्यावरचं मिक-ए कापून रक्तात सोडतात. ते टी पेशींवरच्या एनकेजी-२डीला चिकटतं, रिसेप्टर आत ओढला जातो आणि पेशी आंधळी होते. दशकभर हेच शिकवलं गेलं. मग २०१५ साली बर्कलीच्या डेव्हिड राउले यांच्या गटाने उंदरात उलट चित्र दाखवलं. तिथे सुटं झालेलं तशाच जातीचं एक प्रथिन एनके पेशींना जागं करत होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की गाठीवरच्या खुणेचा अखंड स्पर्श होत राहिला की एनके पेशी बधिर होते. सुटं प्रथिन मध्ये आलं, की तो स्पर्श थांबतो आणि ती पुन्हा तरतरीत होते. उंदरातलं ते प्रथिन रिसेप्टरला फार घट्ट बसतं, मिक-ए तितकं बसत नाही. फरक त्यामुळे पडत असावा असं माझं मत आहे. बोस्टनमध्ये २०१८ साली मिक-ए कापू न देणारी अँटीबॉडी तयार झाली आणि तिने उंदरांतल्या गाठी आटोक्यात आणल्या. रुग्णांच्या बाबतीत मात्र यातून बरे होण्याची आशा दाखवायला मी अजून धजत नाही.

या वादातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. सतत उत्तेजन मिळालेली प्रतिकार-पेशी बळकट होत नाही, ती निकामी होते. आणि खूण चुकीच्या जागी उमटली तर नुकसान आपलंच. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात आतड्याच्या पेशींवर मिक-ए वाढतं आणि आपल्याच टी पेशी आतड्याचं अस्तर खातात. प्रतिकारशक्ती आपलंच नुकसान करते, हे करोनाच्या काळातही दिसलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं औषध डेक्सामेथासोन होतं. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. त्याच वर्षी घरोघरी ती वाढवण्याचे काढे उकळत होते. इतकं ढळढळीत उदाहरण डोळ्यांसमोरून गेलं आणि लोकांची समजूत तसूभरही बदलली नाही, याचा मला खेद होतो.

त्या मुलाला मी डबे बंद करायला आणि ठरलेली शस्त्रक्रिया पुढे न ढकलायला सांगितलं. वाचकांनाही तेवढंच सांगते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. घरात कुणी गुटखा किंवा तंबाखू खात असेल तर ती सोडवा. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर पावडर आणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.