मागचा पाइप

मिशिगनला आलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, जपानी गाडी घे. मी घेतली 2005 ची जुनी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया. लांबी साडेपाच मीटरला जरा कमी, 4.6 लिटरचं व्ही-8 इंजिन. बडोद्याला बाबांच्या ॲम्बॅसिडरच्या बॉनेटखाली डोकं घालून वाढलो, त्याचा परिणाम असावा.

हिच्या पोलीस मॉडेलचे पार्ट भंगार यार्डात मिळतात आणि बरेचसे साध्या मॉडेललाही बसतात. मागचा अँटी-रोल बार तिथूनच आणून मी स्वतः बसवला. वळणावरचं झुलणं कमी झालं. मग नवा स्क्रीन, मागचा कॅमेरा. बायको म्हणाली, "घरात पडदे नाहीत, आणि हिला कॅमेरा!"

गेल्या फेब्रुवारीत मुलीला शाळेतून आणताना सिग्नलला ब्रेक दाबला, तर पेडल थेट खाली. मागच्या ब्रेकचा स्टीलचा पाइप गंजून फुटला होता. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढच्या ब्रेकचं सर्किट वेगळं, म्हणून गाडी थांबली. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर. बार बसवताना त्याच पाइपाशेजारी मी अर्धा दिवस आडवा पडलो होतो. गंज दिसलाही होता. उन्हाळ्यात बघू, म्हटलं होतं.

आता सगळे पाइप कॉपर-निकेलचे टाकलेत. ते गंजत नाहीत, हातानं वाकवता येतात. टोकं फ्लेअर करताना मात्र तीनदा चुकलो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं रंगवून सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "आणि पोरगी?"

ती मागून ओरडली, "आजोबा, मी नाही घाबरले. बाबा घाबरले होते!"