बी कुठलं?

भाताचं बी घेताना आमच्याकडे कुणी नुसतं 'भात' म्हणत नाही. वरकस जमिनीत हळवं, पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरात गरवं. पाऊस लवकर उघडला तर माळावरचं गरवं पोटरीतच वाळतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. आमच्या जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाताला गाव असतं हे सरकारनंही मानलं. पण झाड म्हटलं की आपण हे विसरतो. साग म्हणजे साग, खैर म्हणजे खैर. रोप कुठून आलं, विचारतो कोण?

माझा बाबा विचारायचा. माघात डोंगरात जाऊन तो सागाची फळं गोळा करायचा, तीही पाच-सात झाडांखालची, लांब लांबची. एकाच झाडाचं बी म्हणजे घरातल्या घरात सोयरीक, असं त्याचं म्हणणं. फळाचं कवच भारी टणक. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं पंधरा दिवस करून मग तो ती वाफ्यात टाकायचा.

वीस-बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी दक्षिणेकडची सागाची रोपं विकत आणली. सामाईक बांधावर एका अंगाला त्यांची, दुसऱ्या अंगाला आमची डोंगरची. माती एक, पाऊस एक. पहिले दोन पावसाळे त्यांची हातभर पुढे. लोक बघायला यायचे.

फरक दिसला तो उन्हाळ्यात. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने जवळजवळ थेंब नाही. केरळात दिवाळीच्या सुमारासही पाऊस पडतो. माघात आमची झाडं पानं टाकून गप्प उभी, तर काकांची अजून हिरवीगार. चैतात त्यांचे शेंडे सुकले. पावसाळ्यात खालून फाटे फुटले. बरीच जगली, पण खोड सरळ राहिलं नाही.

एका बांधावरून सिद्धांत काढू नये. पण वन खात्यानं १९३०च्या सुमारास हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. वेगवेगळ्या प्रांतांतलं सागबी आणून एकाच जागी लावलं. १९७०च्या दशकात अनेक देशांनी मिळून तसंच केलं. जमीन तीच ठेवली की उरतो तो फरक बियाचा. वाढ, खोडाचा सरळपणा, पालवीची वेळ, सगळं मूळ जागेप्रमाणे बदललं. काही ठिकाणी बाहेरचं बी सरस ठरलं, हेही खरं. पण पाच वर्षांची उंची वेगळी आणि पन्नास उन्हाळे काढणं वेगळं.

हे झाडाला कुणी शिकवत नाही. एका झाडाखाली हजार बिया पडतात, प्रत्येक जराशी निराळी. कोरडा काळ, वणवा, गुरांचं तोंड यातून जी तगते तिचंच बी पुढे जातं. शेकडो पिढ्या असं चाललं की त्या डोंगराचा स्वभाव झाडाच्या रक्तात उतरतो.

म्हणून बोईसर-तारापूर पट्ट्यात रस्त्याला, रेल्वेला, कारखान्याला जुनं झाड पडलं आणि बदल्यात दहा रोपं लावली, तरी माझा हिशेब जुळत नाही. रोपं कुठल्या बियाची? आणि मागे एकटंदुकटं राहिलेलं झाडही कामाचं राहत नाही. साग स्वतःच्या परागावर फारसा फळत नाही, त्याला किड्या-माश्यांनी आणलेला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. शेजारी गेला की बी गेलं.

आता हवाच बदलते आहे, मग गावचंच बी कशाला, असं माझा मुलगा म्हणतो. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. उद्याचा उन्हाळा कुठली बी काढेल हे आज सांगता येत नाही, म्हणून तर पाच झाडांऐवजी पन्नास झाडांचं बी हवं. डोंगराच्या माथ्यावरचं, पायथ्याचं, खाडीकडच्या वाऱ्यात वाढलेलं. ती झाडं उभी असली तरच ते मिळेल.

यंदा नातवाला घेऊन गेलो होतो. तेरा झाडांची फळं आणली. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, वर खडूनं जागा लिहिलेली.