फोटोची फ्रेम, लाकडाचा भुसा आणि माझा खोकला



"डॉक्टर, दिवसभर काही नसतं, पण रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ येते आणि झोप मोडते." असं सांगणारे पेशंट माझ्या ओपीडीत नेहमीच येतात. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात असा एक पेशंट आमच्या घरातच होता. तो म्हणजे मी. त्या खोकल्याचं कारण सापडायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि ते मला नाही, दुसऱ्याच डॉक्टरला सापडलं. उशीर का झाला ते आज सांगतो. तुमच्या घरी कोणी सुतारकाम करत असेल, पोटासाठी किंवा हौसेसाठी, तर हा लेख त्यांना जरूर वाचून दाखवा.

आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. घर माळवदाचं. जाड दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या घराला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. बरीचशी अशाच घरांच्या दगडमातीखाली. त्यानंतर दादा, म्हणजे माझे वडील, माळवदाखाली कधी झोपले नाहीत. पुढे ते घर उतरवलं आणि तुळया, दारं, चौकटी पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवल्या. "लाकूड विकायचं नाही," एवढंच दादांचं म्हणणं होतं.

दादा गेल्यावर त्यांच्या फोटोला फ्रेम करायची होती. बाजारात सोनेरी प्लास्टिकच्या पट्टीच्या फ्रेमा भरपूर मिळतात, पण मला वाटलं, त्यांनी जपलेल्या लाकडाचीच करावी. अहमदपूर-लोहा मार्गे टेम्पोने थोडं लाकूड नांदेडला आणलं आणि जिन्याखालच्या खोलीत टेबल मांडलं. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, क्लॅम्प अशी एकेक वस्तू जमा झाली.

चौथा कोपरा

फ्रेम दिसायला सोपी असते. चार पट्ट्या घ्यायच्या, आतल्या कडेला काच बसेल अशी खाच पाडायची, दोन्ही टोकं ४५ अंशांत कापायची आणि फेव्हिकॉल लावून आवळायच्या. काच, फोटोभोवती जाड कागदाची चौकट म्हणजे माउंट, मग फोटो, मागे पुठ्ठा. (माउंट फक्त शोभेचा नसतो. फोटो काचेला टेकला तर पावसाळ्यात ओल धरून चिकटतो.)

माझ्या पहिल्या फ्रेमचे तीन कोपरे छान जुळले आणि चौथ्यात फट राहिली. आमच्याकडे गेली अनेक वर्षं येणाऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी गुण्या लावला आणि म्हणाले, "साहेब, कापताना चूक दिसत नाही बघा. चौथ्या कोपऱ्यात आली की उघडी पडती."

हिशेब सरळ आहे. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. प्रत्येक वेळी चूक क्षुल्लक असते, पण ती साठत जाते.

दोन-तीन फ्रेमांनंतर हात बसला. नातेवाईक आपापले फोटो आणून देऊ लागले. कामाचा वेग वाढावा म्हणून मी विजेवर चालणारं पॉलिश पेपरचं मशीन, म्हणजे सँडर घेतला. रात्री दवाखाना बंद करून आठ ते साडेदहा मी त्या खोलीत. थंडी होती, शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून खिडकीही बंद. नाकातोंडाला रुमाल बांधलेला.

आणि महिन्याभरात खोकला सुरू झाला.

माझं निदान चुकलं कुठे?

मी आधी हवामानाला दोष दिला. मग ॲसिडिटीला. ॲलर्जीची गोळी घेतली, सिरप घेतलं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. पेशंटने स्वतःच्या मनाने औषधं घेतली की मी रागावतो, आणि इथे मी तेच करत होतो.

शेवटी छातीच्या आजारांचे तज्ज्ञ असलेल्या, माझ्याहून वीस वर्षांनी लहान डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "सर, संध्याकाळी काय करता?" आणि "गावाला गेलात की खोकला कमी होतो का?"

दुसऱ्या प्रश्नाला मी गप्प झालो. लातूरला लग्नासाठी आठ दिवस राहिलो होतो, तेव्हा एकदाही रात्री उठलो नव्हतो.

त्यांनी मला पीक फ्लो मीटर दिलं. ही फुंकायची एक साधी नळी असते. जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते तिच्यावरचा काटा दाखवतो. दोन आठवडे काम करून आणि दोन आठवडे काम बंद ठेवून, दिवसातून चार वेळा आकडा वहीत लिहायचा. काम बंद असताना आकडा ४७० च्या आसपास राहिला. सँडर चालवलेल्या दिवसांच्या रात्री तो ३६० पर्यंत उतरला. मला दमा झाला होता, आणि त्याचं कारण भुसा होता.

रात्रीच का?

ॲलर्जीची प्रतिक्रिया दोन प्रकारे येते. एक लगेच, काही मिनिटांत. दुसरी उशिरा, चार ते बारा तासांनी. दुसऱ्या प्रकारात आठ वाजताच्या भुशाचा खोकला अडीच वाजता येतो. मधल्या वेळात आपण जेवतो, अंथरूण बदलतो, पंखा लावतो, आणि दोष त्यांच्यावर जातो.

शिवाय सगळा भुसा सारखा नसतो. रंध्यातून निघतात ते कुरळे छिलके. ते खाली पडतात आणि झाडून टाकता येतात. करवतीचा भुसा जाडसर असतो, तो बहुतेक नाकात अडकतो. सँडरची धूळ मात्र पिठासारखी बारीक असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि यातले कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. मशीन बंद करून, खोली झाडून, रुमाल सोडून मी तिथेच चहा पीत बसायचो. तेव्हाही ती धूळ मी ओढतच होतो.

"इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं?" हाही नेहमीचा प्रश्न. शरीर आधी काही महिने किंवा वर्षं त्या धुळीला ओळखायला शिकतं. एकदा ओळख पक्की झाली की थोडा भुसाही पुरतो. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काही जणांच्या हातांवर, मानेवर खाजही उठते.

भुसा आणि कर्करोग

हे घाबरवण्यासाठी नाही, पण लपवण्यासारखंही नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मी हॅडफिल्ड यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण वारंवार फर्निचर कामगारच निघतात. पुढच्या अभ्यासांनी ते खरं ठरवलं, आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

हा आजार दुर्मीळ आहे, आणि तो मुख्यतः वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांत दिसतो. महिन्याला एक फ्रेम करणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये. पण सुतारकाम करणाऱ्या कोणाची एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा एकाच बाजूने रक्त येत असेल, तर "सर्दी आहे" म्हणून महिने काढू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मिस्त्रींचा खोकला

माझं निदान झालं त्या आठवड्यात मिस्त्री बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला आले. दहा वर्षं मी त्यांचं बीपी तपासतोय. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "मिस्त्री, खोकला येतो का?"

"खोकला तर हाय की साहेब. सुतारकामात राहायचाच तो. गूळ खाल्ला की बसतो."

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. फुप्फुसातली धूळ त्याने निघत नाही. त्यांची स्पायरोमेट्री केली. श्वासनलिका बऱ्याच आकसल्या होत्या, आणि औषध देऊनही पूर्ण खुलल्या नाहीत. पस्तीस वर्षांचा भुसा, जोडीला बिडी. माझा खोकला तीन महिन्यांत पकडला गेला. त्यांचा दहा वर्षं माझ्यासमोर बसून होता.

इटालियन डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामामुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला. पेशंटला "तुम्ही काम काय करता?" हे विचाराच, असं त्यांनी त्यात डॉक्टरांना बजावलं होतं. कॉलेजात आम्ही हे शिकलो होतो. मिस्त्रींचं काम मला माहीत होतं, माझ्या घराची दारं त्यांनीच केली होती. तरी तो प्रश्न मी त्यांच्या छातीशी कधी जोडला नाही.

आता ते इनहेलर घेतात. (इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून डोसही कमी लागतो.) बिडी सुटली आहे. जिना चढताना दम लागतो तो थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही, आणि जाणारही नाही.

जुन्या लाकडाचा रंग

गावाहून आणलेल्या एका चौकटीवर हिरव्या ऑइलपेंटचे पापुद्रे होते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे आजोबांच्या काळातल्या दारावरचा रंग संशयितच धरा. तो घासला की शिशाची धूळ होते, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. माझी चार वर्षांची नात त्या खोलीत माझ्याजवळ बसून छिलके वेचायची. ती चौकट मी न घासता बाजूला ठेवली, आणि नातीचं खोलीत येणं बंद केलं. ती रुसली, पण त्याला इलाज नव्हता.

काय काळजी घ्यावी?

• शक्यतो अंगणात, गच्चीवर काम करा. वारा पाठीकडून किंवा बाजूने असू द्या.
• रुमाल, गमछा पुरेसा नाही. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते.
• जिथे रंध्याने भागतं तिथे सँडर नको. सँडर हवाच असेल तर धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमला जोडलेला वापरा.
• कोरड्या झाडूने भुसा उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. काम झाल्यावरही थोडा वेळ मास्क राहू द्या.
• कामाचे कपडे वेगळे ठेवा. मुलांना उचलण्याआधी हातपाय धुऊन कपडे बदला.
• फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका. मोज्यासकट हात आत ओढला जातो. काच हाताळताना मात्र जाड मोजे घाला. डोळ्यांना चष्मा आणि मशीनच्या आवाजासाठी कानात प्लग हवेत.
• कापलं तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. हळद, चुना, कॉफी भरू नका. बोटाचा तुकडा पडला तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.
• धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती-धुळीत असतात. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर जखम झाल्यावर डॉक्टरांना तसं सांगा.

मी फ्रेमा करणं सोडलेलं नाही. सँडर विकला. आता गच्चीवर, मास्क लावून, हाताने रंधा मारतो. महिन्याला एखादीच होते. इनहेलर चालू आहे आणि रात्री झोप लागते. दादांचा फोटो हॉलमध्ये आहे, पहिल्याच फ्रेममध्ये. चौथ्या कोपऱ्यातली फट भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरली आहे, जवळून पाहिली तर दिसते.

पुढच्या वेळी खोकला, दम किंवा अंगावरची खाज घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा नोकरीबरोबर घरी फावल्या वेळात काय करता तेही सांगा. सुतारकाम, रंगकाम, पिठाची गिरणी, कबुतरं, काहीही असो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आम्ही विचारायला विसरतो.